आजी माइकसमोर गप्प का झाली?

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत सहावी-सातवीला शिकवते. मागच्या ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, आम्ही मुलांच्या आजी-आजोबांना बोलावून ‘आजीची गोष्ट’ असा कार्यक्रम ठेवला. मंडप, माइक, शाल, नारळ, सगळी तयारी केली. पहिली आजी उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि गप्प झाली. मुलं हसली. दुसऱ्या आजोबांनी नुसते हात जोडले आणि खाली बसले. तिसरे आलेच नाहीत. या माणसांकडे किती आहे हे मी ऐकून आहे. मग ते बाहेर का येत नाही?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हा मंडप मीही घातलेला आहे.

मी सातारा जिल्ह्यातली. डी.एड. करून १९८६ साली जव्हार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच डोंगरात राहिले. मी वारली नाही. जे काही कळलं ते वारली, कोकणा, कातकरी म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर बसून कळलं, आणि तेही फार उशिरा. एका जूनमध्ये प्रवेशोत्सवाला आम्ही शाळेमागच्या पाड्यावरच्या आजीला गोष्ट सांगायला बोलावलं. तिचंही तुमच्या आजीसारखंच झालं. माइककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, “काय सांगू बाई?” म्हणाली आणि उतरली. जाताना शाल खुर्चीवरच ठेवून गेली.

ती शाल द्यायला मी दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेले. आजी ओट्यावर शेवळं साफ करत बसली होती. पहिल्या पावसाच्या सुमाराला जमिनीतून वर येणारी ती कोंबासारखी भाजी तुम्हालाही बाजारात दिसत असेल, बायका जुड्या बांधून विकायला आणतात. तिनं एक जुडी माझ्याकडे सरकवली. आतला पिवळा खरखरीत भाग काढून टाकायचा, तो खाजरा असतो. माझे हात खाजायला लागले तशी ती हसली आणि काकडाची फळं पुढे केली. काकडं म्हणजे छोटी, हिरवी, आंबट फळं. ती घातल्याशिवाय शेवळं शिजवायचीच नाहीत, नाहीतर घसा धरतो. शेवळं आणि काकडं रानात एकाच सुमाराला मिळतात. बाजारातही बाई दोन्ही एकाच टोपलीतून विकते.

आणि मग ती बोलायला लागली. एका वर्षी शेवळं उशिरा आली तेव्हा पाऊस कसा झाला होता. सासूनं तिला पहिल्यांदा रानात नेलं तेव्हा कुठल्या ओहोळापाशी थांबवलं आणि पुढचं का खणू दिलं नाही. घरातली नागली संपली त्या वर्षी कडूकंद कसा खाल्ला : चकत्या करायच्या, राखेबरोबर उकडायच्या, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या. घाई करून तसाच खाल्लेल्या एका बाईचं काय झालं. बोलता बोलता चार पोरं येऊन टेकली. माझ्याच वर्गातली. त्यांतला एक आदल्या दिवशी मंडपात हसला होता. तो आता काकडं वेचून देत होता आणि मधेच विचारत होता, “मग ती बाय मेली का?” दोन तास गेले. ‘गोष्ट सांग’ असं कुणीही म्हटलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ओट्यावर मिळालं. या म्हाताऱ्यांची गोष्ट हातातल्या कामाला धरून येते. काम काढून घेतलंत, हातात माइक दिलात, की गोष्टीला धरायला काही उरत नाही. शिवाय तिला वेळकाळ असते. त्याच आजीनं मला पुढे सांगितलं, दिवसा गोष्टी सांगितल्या तर मामा वाट चुकतो. म्हणून देवाच्या, राक्षसाच्या, राजाच्या लांब गोष्टी रात्री, चुलीपाशी. दिवसा बोलायचं ते कामाचं. आपण सकाळी अकराला पाहुण्यांसमोर लांब गोष्ट मागितली. तिनं नकार दिला नाही, आपल्या मानाखातर उभी राहिली, हेच खूप झालं.

तुमचे तिसरे आजोबा का आले नाहीत याचाही मला अंदाज आहे. ९ ऑगस्ट म्हणजे कित्येकांची आवणी उरकलेली नसते. पाऊस आहे तोवर रोपं खाचरात गेली पाहिजेत. ज्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस चिखलात हवं, त्या दिवशी आपण शाल-नारळ घेऊन बसलो होतो.

तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे, ती माझ्या शाळेत कमी होती. आश्रमशाळेतलं मूल उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीला घरी जातं. उन्हाळ्यात त्याला राब भाजणं (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळणं), करवंदं, लग्नं मिळतात. दिवाळीला भातकापणी, तारपा (भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य आणि त्यावरचा नाच), वाघबारस मिळते. पण जून ते सप्टेंबर ते शाळेत असतं, आणि रानाचं सगळ्यांत जास्त बोलणं त्याच चार महिन्यांत होतं. कुठली भाजी कोवळी असताना खायची, कुठलं अळंबं विषारी, खेकडे कधी धरायचे, इरलं कसं विणायचं, आवणीची गाणी. सलग दहा पावसाळे मूल बाहेर राहिलं की ते आजीसमोर बसलं तरी तिचे निम्मे शब्द त्याला कळत नाहीत. मंडपातलं हसू तिथून येतं. त्या मुलांना दोष देऊ नका.

तो दोष थोडा आपलाही आहे, आणि माझ्यापुरता मी तो सांगते. १९८७ साली तिसरीतल्या एका मुलानं ‘आमच्या शेतात पिकणारी धान्यं’ यात ‘नागली’ लिहिलं. मी लाल शाईनं खोडून ‘नाचणी’ केलं. पुस्तकात नाचणी होतं. त्या मुलानं दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही. त्याच्या घरी नागलीचं पीठ, नागलीची भाकर, नागलीची आंबील. बाईंनी सांगितलं की ते सगळं चूक. नागली हा शब्द नाशिकपासून डांगपर्यंत लाखो लोक बोलतात हे मला कळायला पुढे किती वर्षं गेली. तो मुलगा आज चाळिशीच्या पुढे आहे, भेटला की पाया पडतो, आणि मला दर वेळी ती लाल रेघ आठवते.

आता काय करायचं? तुमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात जा. आश्रमशाळेत स्वयंपाकी असतात, कामाठी असतात. बहुतेक जण जवळच्या पाड्यांवरचे, पन्नाशीचे, साठीला टेकलेले. म्हाताऱ्यांना बाहेरून बोलवायच्या आधी हे लोक आपल्याकडे रोज सकाळी येतात. आठ-दहा मुलांना तांदूळ निवडायला त्यांच्याजवळ बसवा. तुम्हीही बसा. वही काढू नका. पहिले तीन-चार दिवस काहीच होणार नाही, होऊ द्या.

दुसरं, आठवडे बाजाराचा दिवस. त्या दिवशी म्हातारी माणसं बाजाराला येतात आणि नातवाला बघायला शाळेच्या फाटकाशी थांबतात. आपण त्यांना पाच मिनिटं भेटू देतो आणि घंटा वाजवतो. तो एक दिवस व्हरांडा त्यांचा करा. चटई, पाण्याचा हंडा, एवढं पुरे. ते टोपलीतून काय आणलं ते मुलाला दाखवतील, आणि त्यातूनच सुरू होईल.

तिसरं, वाघबारस. शहरात वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतात तोच दिवस, आश्विन वद्य द्वादशी. इथे तो वाघदेवाचा आणि गुराख्यांचा. सुट्टी लागायच्या आधी मुलांना एवढंच सांगा : वाघदेवाच्या ठिकाणी काय काय करतात ते बघून या आणि आजोबांना विचारा, त्यांनी वाघ कधी पाहिला होता का. ‘गोष्ट लिहून आणा’ म्हणू नका. प्रकल्पवही आणि वीस गुण तर मुळीच नकोत. गुण आले की मूल शेजाऱ्याची वही उतरवतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याच जिल्ह्यात डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात गेली. त्या मानानं तुमच्या शाळेपासून पाडा फार लांब नाही.

प्रश्न : मी नाशिकला वसतिगृहात राहून बी.ए. करते. आम्ही वारली. माझी आजी धवलेरी आहे, आजूबाजूच्या गावांत लग्नं लावायला तिला नेतात. तिचं वय झालंय. तिच्यानंतर आमच्या घरात कुणी नाही. मी फोनवर तिची गाणी रेकॉर्ड करायला गेले तर ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. आणि खरं सांगायचं तर गाण्यातले निम्मे शब्द मला कळतही नाहीत. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : पोरी, आधी तिचा राग समजून घे.

वारली लग्नात भिंतीवर चौक लिहितात. ‘लिहितात’ हाच शब्द, तुझ्या घरीही तोच असेल. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, चावून मऊ केलेल्या काडीनं सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरी गाणं म्हणत तिला बोलावते. ती आल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे तुझी आजी गायिका नाही, लग्न लावणारी आहे. एका धवलेरीला मीही एकदा अशीच भर दुपारी विनंती केली होती. ती म्हणाली, “देवीला हाक मारीन, ती येईल. मग तिला काय सांगू, लगीन कुठं आहे?” त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

तेव्हा ते गाणं फोनमध्ये घ्यायचा विचार सध्या सोड. पण ते तुझ्यापर्यंत यायची वाट अजून मोडलेली नाही. ती स्वतः कशी शिकली हे तिला विचारलंस का? मला भेटलेल्या तिघी-चौघींनी एकच सांगितलं : जाणत्या बाईच्या मागे बसायचं, ती ओळ सोडते ती धरायची. आधी ओळीचा शेवट धरता येतो, मग अर्धी ओळ, मग सगळी. कुणाला पाच हंगाम लागले, कुणाला दहा. शिमग्यानंतर लग्नं सुरू होतात. तुझ्या परीक्षा एप्रिलमध्ये संपत असतील. मे महिन्यात तिच्याबरोबर तीन लग्नांना जा. पिशवी तू उचल. मागे बस. तिनं सांगितल्याशिवाय तोंड उघडू नकोस. तू मागे बसलेली दिसलीस की ती काय करते ते मला नक्की कळव.

शब्द कळत नाहीत याची लाज वाटू देऊ नकोस. तुझ्या पत्रात एक माणूस मला कुठेच दिसला नाही : तुझी आई. (आजी वडिलांची आई असेल तर आत्यासुद्धा.) आपण सगळे आजी आणि नात एवढंच बोलतो आणि मधल्या पिढीवरून उडी मारतो. मधली पिढी शाळा सोडून कामाला लागली, वीटभट्टीवर गेली, भिवंडी-वसईकडे मजुरीला गेली, तिला कुणी काही विचारलं नाही. पण ती लहानपणी आजीजवळच झोपली होती. तिला गाणं म्हणता येणार नाही, पण शब्दाचा अर्थ सांगता येईल. न कळलेले शब्द वहीत उतरव आणि रात्री आईला विचार. आईला एखादा आला नाही तर दोघी मिळून आजीकडे जा. माझ्या एका विद्यार्थिनीनं असंच केलं. तिची आई तिला म्हणाली, “मला हे येतं, हेच मला माहीत नव्हतं.”

फोन अगदीच वाईट आहे असं नाही. आजीचं स्वतःचं बोलणं, ती कुणाकडून शिकली, कुठल्या कुठल्या गावांत गेली, पायी किती चालली, पहिल्या लग्नाला काय मिळालं, हे ती कदाचित रेकॉर्ड करू देईल. सुरू करण्याआधी विचार. कुणाला ऐकवणार आहेस ते सांग. झालं की तिला परत ऐकव आणि ‘हे काढून टाक’ म्हणाली तर तिच्यासमोर काढून टाक. तिचं नाव, पाड्याचं नाव, तारीख वहीत लिहून ठेव. आणि व्हॉट्सअॅपवर कुणालाही पाठवू नकोस, कितीही जवळची मैत्रीण असली तरी. बशा, पडदे, साड्या यांवर जी वारली चित्रं आज विकली जातात, त्यांतल्या किती आकृत्या कुणाच्या भिंतीवरून उचलल्या हे त्या भिंतीच्या मालकिणीला माहीत नसतं.

औषधाच्या मुळ्या, पाले यांचं बोलणं आलं तर आणखी जपून. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. जे गावाला नोंदवायचं आहे ते गावानं त्या वहीत नोंदवावं. प्राध्यापकांनी निबंधासाठी मागितलं म्हणून झाडपाल्याची नावं आणि वापर देऊन टाकू नकोस.

प्रश्न : आमच्या शाळेत गावातले एक आजोबा शनिवारी गोष्टी सांगतात. मुलं रमतात. पण त्यांत भगत असतो, ताडी-दारू असते, भुतं असतात, भुताळी असते. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, ही अंधश्रद्धा बंद करा. गावातले शिकलेले तरुणही म्हणतात की आमच्या पोरांना पुन्हा मागे नेऊ नका. मी वारली समाजातलाच आहे. माझं मन दोन्हीकडे ओढतंय.
— एक मुख्याध्यापक

उत्तर : गुरुजी, ताडी, भगत आणि भूत यांची मला काळजी नाही. आपल्या सगळ्यांच्याच गोष्टींत राक्षस, चेटकिणी, हंडाभर दारू पिणारे राजे आहेत. शहरातल्या मुलाच्या पुस्तकातला राक्षस ‘कल्पनाशक्ती’ आणि पाड्यावरच्या आजोबांचा राक्षस ‘अंधश्रद्धा’, हा न्याय मला कधीच पटला नाही. साहेबांना हे जरूर सांगा. भगताच्या हातात घांगळी हे तारेचं वाद्य असतं, तो सुगीत कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, गाणी म्हणतो, धान्याला आई मानायला शिकवतो. ते ऐकलेलं मूल पानात भात टाकत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

भुताळीचं मात्र वेगळं. तिथे मी तुमच्या तरुणांच्या बाजूची आहे.

माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीनं घरची गोष्ट सांगितली : एक भुताळी रात्री मांजर होते आणि लेकरं आजारी पाडते. वर्ग डोळे मोठे करून ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, “ती आमच्या खालच्या पाड्याला राहते,” आणि नाव घेतलं. मागच्या बाकावर त्या बाईचा नातू बसला होता. मी गोष्ट तिथेच थांबवली. त्याच्या तोंडाकडे माझ्यानं बघवेना. त्याच संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी. ती विधवा होती, दीड एकराची धनीण होती, आणि तिच्या दिराचा त्या जमिनीवर डोळा होता. तिची ‘गोष्ट’ कुठून निघाली असेल ते तुम्हीच समजा.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमुक व्यक्ती करणी करते, गुरांचं दूध आटवते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा गुन्हा आहे. हे आजोबांनाही सांगता येतं. म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याचं सगळं निमूट ऐकायचं असं नाही. त्यांच्या घरीही नातवंडं वाद घालतातच. आमच्या शाळेत गोष्टी सांगायला येणाऱ्या आजोबांना मी एवढंच म्हटलं होतं, “बाबा, गोष्टीतल्या भुताळीला गाव नको, पाडा नको, नाव नको.” ते बराच वेळ चिलीम ओढत बसले. मग म्हणाले, त्यांच्या मावशीला लोकांनी भुताळी म्हणून मारलं होतं. ती हकीकत त्यांनी पुढच्या शनिवारी मुलांना सांगितली. त्या दिवशी वर्गात जे ऐकलं ते मला कुठल्याही पुस्तकातून शिकवता आलं नसतं. तुमच्या आजोबांनाही विचारून बघा, त्यांना असं काही आठवतं का. एकटे असताना विचारा.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. मुलीच्या शाळेनं पाचवीच्या साठ मुलांची ‘आदिवासी पाड्यावर एक दिवस’ अशी सहल ठरवली आहे : वारली चित्रं, तारपा नाच, आजीकडून गोष्ट, पिठलं-भाकरी, संध्याकाळी परत. पाठवावं का?
— एक पालक

उत्तर : साठ मुलं एका पाड्यावर नेऊ नयेत, असं शाळेला कळवा. एकेका पाड्यात वीस-पंचवीस घरं असतात. एवढी मुलं उतरली की तिथला दिवस मोडतो, आणि आजीला पुन्हा माइकसमोर उभं राहावं लागतं. न्यायचीच तर पंधरा न्या, आधी गावाला विचारा, गावानं सांगितलेल्या दिवशी जा, ज्यांचा दिवस जाईल त्यांची मजुरी मोजून द्या, आणि पुढच्या वर्षी त्याच पाड्यावर तीच मुलं पुन्हा न्या. दुसऱ्या खेपेला ती कोणाच्या तरी ओळखीची असतील.

तारपा हंगामाचा असतो. भात कापून झालं, नवं धान्य घरात आलं की तो वाजतो. सहल जुलैत असेल तर नाच मागू नका. आणि चित्रांचं म्हणाल तर मुलीला एवढं माहीत असू द्या की हे लिहिणं पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं, लग्नघराच्या भिंतीवरचं होतं. १९७० च्या दशकात ते कागदावर आलं, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्यात गावाचं रोजचं जगणं आणलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. हे सगळं सहलीच्या आधी मुलांना सांगायचं, तिथे जाऊन विचारायचं नाही.

सहलीच्या आधीच्या रविवारी मुलीला तिच्या स्वतःच्या आजीशेजारी भाजी निवडायला बसवा, म्हणजे तिला पाड्यावर कसं बसायचं ते कळेल.

प्रश्न : मी बारावीत आहे, तलासरी भागातला. माझे पणजोबा नव्वदीचे आहेत. ते वेठीच्या गोष्टी सांगतात, सावकार कसा मारायचा, लग्नगडी म्हणजे काय, मोर्चे कसे निघाले. माझे वडील म्हणतात, “पुरे झालं ते, पोराला कशाला लाज आणता?” शाळेत सर म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. मला ऐकायचं आहे. पण वडिलांना दुखवायचं नाही.
— एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तुझं पत्र आलं तेव्हापासून मी माझं बाकीचं काम बाजूला ठेवलं आहे.

तुझे पणजोबा जे सांगतात त्यात लाज त्यांची नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे काढायचे आणि त्यापायी नवरा-बायको दोघांनी जन्मभर त्याच्या शेतावर राबायचं, तो लग्नगडी. लाज वाटायची तर ती ज्यानं राबवलं त्याला वाटावी. वडिलांना हे तू तोंडावर सांगू नकोस. त्यांनी बहुधा लहानपणी स्वतःच्या आजोबांना कुणासमोर तरी वाकलेलं पाहिलं असेल आणि त्यांना ते तुझ्यापासून दूर ठेवायचं असेल. तू पणजोबांजवळ बसशील तेव्हा वडिलांनाही तिथे राहू दे. ते उठून गेले तर जाऊ दे. ते दाराआडून ऐकतील.

१९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर तुमच्या भागातले वारली किसान सभेत एकत्र आले, वेठ बंद झाली, लग्नगडी सुटले. गवत कापण्याची मजुरी पाचशे पौंडाला अडीच रुपये मागितली म्हणून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं मेली, त्यांत जेठ्या गांगड होते. हे छापलेलं आहे, वाचायला मिळेल. पण तुझे पणजोबा त्या वर्षी दहाएक वर्षांचे पोर असतील. त्या वयाच्या पोराला काय दिसलं ते कुठेच छापलेलं नाही. त्यांना गोळीबाराचं विचारू नकोस. त्या दिवसांत घरी कोण जेवायला आलं, आई रात्री कुठे लपवायची, वेठ बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बापानं सकाळी काय केलं, हे विचार. मी एकाला हे शेवटचं विचारलं होतं. तो म्हणाला, बाप उन्हं वर येईपर्यंत झोपला, आणि आम्ही पोरं घाबरून त्याच्याभोवती बसलो, हा उठत का नाही म्हणून.

आणि अभ्यासक्रमाचं म्हणशील तर, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत जमिनीच्या दाव्याला पुरावा म्हणून काय काय चालतं त्याची यादी आहे. त्यात दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे कुठलं खाचर कुणी फोडलं, कुठल्या देवाच्या दगडापर्यंत कुणाची कसणूक होती, हे तुझे पणजोबा शेजाऱ्यांच्या दाव्यात सांगू शकतात आणि ते कागदावर मोजलं जातं. तुमच्या पाड्यावर कुणाचा दावा अडकला असेल तर वनहक्क समितीच्या अध्यक्षांना पणजोबांबद्दल सांग. लिहून घ्यायला तू बस. त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिही, मग खाली प्रमाण मराठीत. वाचून दाखव, मग अंगठा घे.

परीक्षा संपेपर्यंत थांबू नकोस. या रविवारी बस. उन्हाच्या वेळी ते ओट्यावर असतील, तेव्हा पाण्याचा तांब्या आणि त्यांची तंबाखू घेऊन जा.